राक्षसाच्या घरचा दिवा

मला बाहेर काढलं ते अक्कांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायला लागले की माझी गाडी भलतीकडे वळते आणि मुख्य माणूस राहून जातं. अक्का म्हणजे धारवाडच्या मळमड्डीतल्या, खाटेवरच्या अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांना स्वतःला न्हाणीपर्यंत जायला माझा खांदा लागायचा. अशा बाईनं मला बाहेर काढलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मान जरा तिरकी करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "इथून काय दिसतं, सांग की."

मी त्यांच्याकडे कामाला गेले त्या दिवशीच त्यांनी मला हे विचारलं. मी पिशवी खाली ठेवतेय तोवर म्हणाल्या, "ये, माझ्या शेजारी आडवी हो. उशीवर डोकं ठेव. इथून काय दिसतं, सांग." मी घाबरले. पेशंटच्या खाटेवर कसं झोपायचं? पण झोपले. म्हटलं, "भिंत. कपाट. अर्धं दार."

"झालं. माझं सगळं घर पाहून झालं तुझं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आजारी माणसांकडे बायका पाठवणाऱ्या एका ब्यूरोनं मला इकडे आणून सोडलं. चोवीस तास त्याच घरात राहायचं. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. अक्का आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा घरात मराठी बोलायचे, पण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. मी शेवटच्या शब्दाशी येऊन अडकायची.

अक्का हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, तो नीट जुळलाच नाही. त्यात हात थरथरायला लागले. पण कान मात्र अजून नोकरीत होते. गल्लीतनं कोण चाललंय ते चपलेच्या आवाजावरून सांगायच्या. फोन आला की आजही "हं, बोला," एवढंच. समोरचा आपोआप सरळ बसून बोलायचा.

आता कुलपाचं सांगते. अण्णांचं हुबळीच्या बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. सकाळी जेवून निघायचे आणि जाताना व्हरांड्याच्या ग्रिलला बाहेरून कुलूप लावायचे. किल्ली खिशात. मी यायच्या आधी जी बाई होती ती एका दुपारी न सांगता निघून गेली होती. अण्णा येईपर्यंत अक्का ओरडत पडून होत्या. त्या दिवसापासून हे कुलूप. अण्णा वाईट नव्हते हो. संध्याकाळी आठवणीनं माझ्यासाठी चुरमुऱ्यांचं चटकदार गिरमिट आणायचे. पण ते कुलूप लागल्याचा आवाज आला की दिवसभर मी उगाच पाणी पीत राहायची.

माझा चेहरा पाहून अक्का म्हणायच्या, "चला. दार बंद झालं, किल्ली राक्षसाच्या खिशात. आपण आपलं भुयार उघडूया." आणि मला लॅपटॉप आणायला लावायच्या.

हा भुयाराचा खेळ तुम्ही पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. पाचसहा जण आपापल्या गावी कॉम्प्युटरसमोर बसतात. सगळ्यांपुढे एकच नकाशा असतो, किल्ल्याचा नाहीतर भुयाराचा. त्यात प्रत्येकाची एक सोंगटी. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे "मी दार ढकलतो", "मी लपतो" असं बोलत खेळतात. अक्कांचा भाचा, म्हणजे अण्णांचाच मुलगा, बेंगळुरूला नोकरीला होता. तो दर रविवारी दुपारी दोस्तांबरोबर हा खेळ खेळवायचा. अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगा रविवारी आराम करतो अशी त्यांची समजूत.

खेळातली गंमत अशी की प्रत्येकाला नकाशाचा तेवढाच भाग दिसतो, जेवढा त्याच्या सोंगटीला उभ्या जागेवरून दिसेल. बाकी सगळं काळं. पण चित्रातली भिंत ही भिंत आहे हे कॉम्प्युटरला कुठं कळतं? ते कुणीतरी चित्रावर रेघ ओढून सांगावं लागतं. ही भिंत, हिच्यातून नजर जात नाही. हे दार, उघडलं तर जाते. ही खिडकी, नजर जाते पण माणूस जात नाही. हा दिवा, याचा उजेड इथपर्यंत. भाच्यासाठी हे काम अक्का करायच्या. हात थरथरायला लागल्यावर त्यांच्या भिंती वेड्यावाकड्या यायला लागल्या. "भुयार कसलं, कडबोळी झाली की," म्हणायच्या. मग माऊस माझ्या हातात आला.

त्या खाटेवरून सांगायच्या, मी ओढायची. रेघ पुढे गेली की ओरडायच्या, "साकु, साकु!" म्हणजे पुरे. हा माझा पहिला कन्नड शब्द. कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना भिडल्या नाहीत की म्हणायच्या, "उजेड गळतोय बघ." खरंच, केसाएवढ्या फटीतून पलीकडच्या खोलीत उजेडाची लांब सुरी जायची. खेळणाऱ्याला तेवढ्यातून पुढचं सगळं कळतं. नकाशा झाला की त्या सोंगटी एकेका खोलीत उभी करायला लावायच्या आणि विचारायच्या तेच, "इथून काय दिसतं, सांग."

एकदा त्यांना ताप होता म्हणून पूर्ण नकाशा मी एकटीनं केला. भिंती घट्ट, दारं जागच्या जागी. मी खूश. रविवारी खेळ सुरू झाला आणि स्पीकरमधून भाच्याचा आवाज आला, "आत्या, हे काय केलंय? सगळीकडे दिवाळी?"

मी प्रत्येक खोलीत दिवा लावला होता. सरदाराच्या दालनात, तळघरात, गुहेच्या टोकाला जिथे राक्षस दबा धरून बसायचा होता तिथेसुद्धा. लांबूनच सगळ्यांना राक्षस दिसत होता. बिचारा.

अक्का माझ्याकडे वळल्या. "अगं, राक्षसाच्या घरी दिवा कशाला लावलास?"

मला रडू यायच्या बेतात होतं. म्हटलं, "तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये म्हणते आई. राक्षसाचं असलं तरी कुणाचं तरी घरच की हो."

मग खेळणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "तो दिवा लावून बसलाय, तर आपण त्याच्याशी बोलून तरी बघू." आणि त्या दिवशी त्यांनी तलवारी काढल्याच नाहीत. राक्षसाचं बोलणं अक्कांनीच केलं, जाड आवाजात, मराठी-कन्नड मिसळून. राक्षस म्हणाला की बाहेरून शिळा लावून गावकरी निघून गेलेत, तो तिथे कोंडलेला आहे. हे गोष्टीत मुळात नव्हतं. अक्कांनी तिथल्या तिथे घातलं. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ग्रिलकडे बघत होत्या. म्हणजे त्यांना दिसत होतं त्या अर्ध्या दाराकडे.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नवा नकाशा करायचाय. भाच्याला नको सांगू. या घराचा."

कॅलेंडरच्या पाठीमागे मी घर काढलं. खोली, तिच्यातली खाट आणि कपाट, मधला बोळ, व्हरांडा, ग्रिल, अंगण, आंब्याचं झाड, रस्ता. त्याचा फोटो घेऊन भिंती ओढल्या. ग्रिलपाशी येऊन माझा हात थांबला. "अक्का, हे काय करू? भिंत की दार?"

"तूच सांग. नजर जाते?"

"जाते."

"माणूस जातो?"

मी खिडकीची रेघ ओढली.

पुढच्या रविवारी सकाळी, दुकानाला निघायच्या आधी अण्णा चहा घेऊन खोलीत आले. अक्कांनी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. "बस की. खेळून बघ." अण्णांसाठी त्यांनी पोट सुटलेल्या शेटजीची सोंगटी निवडली होती. अण्णा म्हणाले, "हा मी?" अक्का म्हणाल्या, "बारीक केलाय तुला जरा." शेटजी खाटेवर उभा होता. भोवती काळोख.

"इथून काय दिसतं, सांग."

"काय दिसणार? भिंत. कपाट. अर्धं दार."

मी पहिल्या दिवशी बोलले तेच शब्द, त्याच क्रमानं.

"आता चाल. ही बटणं दाब."

अण्णांना मजा वाटायला लागली. शेटजी दारातून बोळात आला, तिथून व्हरांड्यात. काळोख एकेक पाऊल मागे हटत गेला. ग्रिलपाशी येताच सगळं अंगण उजळलं, आंबा दिसला, रस्ता दिसला. "अरे वा! आपलाच आंबा!"

"जा की मग बाहेर."

अण्णांनी बटण दाबलं. शेटजी जागचा हलेना. पुन्हा दाबलं, जोरात. "हे बिघडलंय."

"बिघडलं नाही. कुलूप आहे."

"मग उघड."

"किल्ली तुझ्या खिशात आहे, अण्णा."

अण्णांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते माझ्याकडे वळले. "हे तू केलंस?"

आता ब्यूरोला फोन जाणार, मला परत धाडणार, असं वाटलं. "भिंती मी ओढल्या," मी म्हटलं.

"मागची बाई गेली त्या दिवशी तू कशी ओरडत होतीस," अण्णा अक्कांना म्हणाले, "ते मी विसरलेलो नाही."

"मी तरी कुठं विसरले? पण ती गेली म्हणून हिला कोंडायचं? आणि हिच्याबरोबर मलासुद्धा?"

अण्णा चहा तसाच ठेवून उठले. बाहेर पडले आणि सवयीनं कुलूप लावलं. तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. मी खाली बघितलं. अक्कांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. त्या ऐकत होत्या. "थांबलाय," त्या पुटपुटल्या. "झाडाखाली उभा आहे." मग, "परत येतोय."

मी बोळातून पाहिलं. अण्णांनी ग्रिलच्या गजांतून हात आत घातला, चाचपडत आतल्या खिळ्यावर किल्ली अडकवली आणि निघून गेले.

कुलूप बाहेरून तसंच होतं, पण किल्ली आत आली होती.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला बाहेर पाठवलं. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि धावत परत आले. एवढा उजेड, एवढ्या रिक्षा, शिकायला आलेल्या पोरी स्कूटरवरून हसत चाललेल्या.

"एवढ्यात आलीस? काय पाहिलंस?"

"काही नाही."

"मग परत जा. मला सांगायला काहीतरी घेऊन ये."

तेव्हापासून मी रोज जायची आणि रोज येऊन त्यांना सांगायची. कोणत्या घरावर 'खोली भाड्यानं देणे' लागलं, कोणता म्हातारा मास्तर कुणाशी भांडत होता. अक्का डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "तो उभा होता तिथून त्याला काय दिसत होतं?"

भाच्याला त्यांनी सांगितलं की नकाशे आता मी करते, माझंच नाव घाल. त्याच्या ओळखीनं दुसऱ्यांचं काम येऊ लागलं. आज तेच माझं काम आहे. हुबळीत कमरीपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली आहे. खालून दिवसभर मशीन चालवून बघितल्याचा आवाज येतो, वर मी भिंती ओढते. मधे गावी जाऊन आले. आईनं विचारलं, "कसलं काम करतीस गं?" मी म्हटलं, "लोकांना काय दिसावं ते ठरवते." आई म्हणाली, "डोळ्याच्या डॉक्टरकडं आहेस व्हय?"

मी हुबळीला आले त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. अण्णांच्यानं दुकान होईना. मुलानं दोघांना बेंगळुरूला नेलं, मळमड्डीचं घर विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलं. मी अक्कांबरोबर जायला तयार होते, कपडे पिशवीत भरले होते. अक्का म्हणाल्या, "पिशवी सोड. एवढी खटपट करून तुला बाहेर काढली, आता परत आत नेऊ?" त्या दिवशी मी रागावले. त्यांच्या हातातला हात सोडवून घेतला. गाडी निघाली तेव्हा त्या मागच्या काचेतून बघत होत्या की नाही, ते मला दिसलं नाही. काचेवर आंब्याच्या झाडाचं प्रतिबिंब पडलं होतं.

आता त्या कुठल्यातरी उंच मजल्यावर आहेत. लिफ्ट आहे, पण त्यांना खाली आणायचं कुणाच्या लक्षात येत नाही. घरातली माणसं चांगली आहेत. कुलूप तर कुणीच लावत नाही. परवा फोन केला. "हं, बोला," आवाज तसाच.

मी म्हटलं, "अक्का, तिथून काय दिसतं, सांगा की."

त्या म्हणाल्या, "समोरच्या बिल्डिंगची भिंत. तिच्यात एक खिडकी. तिन्हीसांजेला तिथे कुणीतरी दिवा लावतं. मी वाट बघते त्याची."

"कुणाचं तरी घर असणार," मी म्हटलं, आणि मनातलं न सांगताच फोन ठेवला.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. अक्का, मी तळमजल्यावर, रस्त्यालगत खोली घेईन. तुमची खाट दारासमोर लावीन, उशीवरून सगळा रस्ता दिसेल अशी. लॅपटॉपवर आधी भिंती ओढून, सोंगटी खाटेवर ठेवून बघेन, कुठे काळं राहिलं का. मग तुम्हाला न्यायला येईन. दाराला कुलूप असेल, ते आतून असेल आणि किल्ली तुमच्या उशाशी.