बिननवऱ्याची वरात

नोकरीत असताना किस्से जमवावे लागत नसत. टेबलावर आपोआप साचत, फायलींपेक्षा वेगाने. निवृत्तीनंतर हा पुरवठा बंद पडणार, अशी मला धास्ती होती. पण रिसोडच्या आमच्या बँडपार्टीने स्वतःचा व्हिडिओ काढायचं ठरवलं, 'बाबूजी रिकामेच हायेत' म्हणून मला नियोजनाला बसवलं, आणि माझी सोय झाली!

मूळ हट्ट क्लॅरनेटवाल्या बबनमामांचा. तालुक्यातल्या निम्म्या वराती त्यांनी मांडवापर्यंत पोचवल्या, पण लग्नाच्या एकाही व्हिडिओत त्यांचा चेहरा नाही. कुठे कोपर, कुठे टोपीचा तुरा. मामींनीसुद्धा त्यांना वाजवताना कधी पाहिलेलं नाही. परक्यांच्या वरातीत त्या कशाला जातील? आणि घरी रियाज केला की शेजारची म्हैस पान्हा चोरते.

"बाबूजी, माहं तोंड दिसलं पायजे," मामा म्हणाले. "घरी दाखवाचं हाय."

*

कॅमेरा विकीकडे. एरवी तो लग्नांचंच शूटिंग करतो. त्याने बँडच्या दुकानात फरशीवर खडूने गोल काढले: इथे ढोल, इथे झांज, मधोमध मामा. सगळे आपापल्या गोलात उभे राहिले, धून सुरू झाली, आणि कडवं संपेस्तोवर अख्खी पार्टी एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली होती. दुकानात विकी आणि मी.

"उभ्यानं वाजवता येत नाई काय?" विकीने विचारलं.

"येते नं," ढोलवाला म्हणाला, "पण गाणं पुढं सरकत नाई."

*

मग असं ठरलं की बँडने चालायचं आणि विकीने समोरून उलट्या पावली शूटिंग करायचं. मार्केट यार्डात तालीम ठेवली. विकी सोयाबीनच्या पोत्याला अडखळून उताणा पडला.

वरातीत माणूस रस्त्यावर आडवा झाला की नागीण डान्स वाजवायचा, हा बँडचा शिरस्ता. पार्टीने तत्काळ धून बदलली. विकी कंबर धरून वळवळत होता आणि यार्डातले हमाल त्याच्याभोवती नाचत होते!

*

लाइटचं काम रहीमभाईंकडे. प्रकाश बँडच्या तोंडावर हवा, हे मी त्यांना बसून समजावलं, चहा पाजून समजावलं. संध्याकाळी शूटिंग सुरू झालं. डोक्यावर लाइट घेतलेली त्यांची माणसं बँडच्या मागे गेली आणि तिथला रिकामा रस्ता लख्ख उजळून उभी राहिली.

"आदत हाय, बाबूजी," रहीमभाई म्हणाले. "लाइट नवरदेवावरच जाते."

"पण नवरदेव नाहीच."

"तेच तं म्हन्तो. कोणाले दाखवू?"

*

कसेबसे लाइट पुढे आणले. विकी क्लोज-अपसाठी मामांजवळ गेला. मामा अदबीने बाजूला सरकले. पुन्हा गेला, पुन्हा सरकले. पडद्यावर ढोलवाल्याचे कान तेवढे आले.

"मामा, बाजूले काहून होता?"

"तूच तं जनमभर वरडत आला, बाजूले व्हा, बाजूले व्हा. आता पाय आइकत नाई."

कॅमेरा भाड्याचा, सकाळी परत जायचा होता. मामांनी क्लॅरनेट पिशवीत घालायला घेतलं.

तेव्हा मला आठवलं, की मांडवाच्या दारात मामा एकाच माणसासमोरून हलत नाहीत.

*

घोडी लगेच मिळाली, नवरदेव मिळेना. शेवटी पांढरी शेरवानी मलाच घातली. फेट्याला मुंडावळ्या बांधल्या, छातीवर कॅमेरा बांधला आणि श्वास बेताने घ्यायला सांगितलं. ओळखीचा एक पानवाला थांबून विचारता झाला, "बाबूजी, पोरगी कुठची?"

घोडीवर बसताच रहीमभाईंची माणसं न सांगता माझ्याकडे वळली. माझ्या शेरवानीवरून उजेड उसळून थेट मामांच्या चेहऱ्यावर पडला. मामांनी माझ्याकडे मान वर केली, डोळे मिटले आणि असं वाजवलं की घोडीही गप्प उभी राहिली. विकी म्हणाला, असा रिफ्लेक्टर पुण्यातही मिळत नाही. नोकरीत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

*

व्हिडिओ दुकानातल्या टीव्हीवर लावला. मामी पुढच्या खुर्चीत, पदर सावरून. मामांना राहवेना, ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडदाभर आला, आणि मामींचा आवाज चढला:

"बाजूले व्हा नं जरा! मले क्लॅरनेटवाला पाहू द्या."