नरकासुर पडला नाही

"वन मिनिट, मॅडम."

कुवेतला अर्दियातल्या आमच्या गोदामाच्या फाटकावर हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. कुणी चुटकी वाजवून बोलावलं, की घानाचा तो उंचापुरा रखवालदार आधी टोपी नीट करायचा, पाठ ताठ करायचा आणि मग सावकाश वळायचा. "काळ्याचा तोरा बघा," असं आपली मंडळी मराठीत म्हणायची. त्याला कळत नाही म्हणून मोठ्याने.

जेवणाच्या सुट्टीत तो खोक्यावर मोबाइल उभा करून तेच शूट करायचा. टोपी, पाठ, वळणं. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मी व्हिडिओचा कलाकार. आमच्याकडे प्रदर्शनात लावतात. काळा माणूस कसा उभा राहतो, एवढंच दाखवतो." मला हसू आलं होतं.

दिवाळीत तिथल्या मराठी मंडळाने सलवातल्या हॉलमध्ये मुलांचं नाटक बसवलं. नरकासुर कोण? अध्यक्ष म्हणजे आमचेच मॅनेजर. म्हणाले, "आपला रखवालदार आणा की! रंग फासायला नको." सगळे खो खो हसले. मीही. विचारायलाही मीच गेले.

"शेवटी काय करायचं?"

"बाण लागला की पडायचं."

"वन मिनिट, मॅडम." त्याने टोपी नीट केली. मग म्हणाला, "मोबाइल लावू दिलात तर येतो."

मोबाइल त्याने रंगमंचावर स्वतःच्या मागे लावला. सत्यभामा झालेल्या माझ्या लेकीचा बाण त्याच्या छातीला लागला. त्याने पुठ्ठ्याची शिंगं नीट केली, पाठ ताठ केली आणि उभाच राहिला. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले, "पड! पड!" लेक रडवेली झाली, "ममा, ही वोन्ट फॉल!" त्याने शिंगं काढून अलगद तिच्या हातात दिली आणि तो निघून गेला.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी गेले, तर फाटकावर दुसराच माणूस होता. "शिस्त नाही त्याला. कामावरून काढायला लावलं," मॅनेजर म्हणाले. "बरोबर आहे, सर," मी म्हणाले. तुम्हीही हेच म्हणाला असतात, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण स्वतःचीच शिसारी काही जात नाही.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ आला. समोर त्याची न हललेली पाठ. पलीकडे आम्ही. पहिल्या रांगेत पैठणी, गजरा, तोंड वासलेली मी. हात खाली आपटत ओरडते आहे. पड, पड.

खाली त्याने लिहिलं होतं, 'हा प्रदर्शनात लावणार आहे. तुमचा चेहरा झाकू का?'

मी लगेच लिहिलं, 'हो, प्लीज.'

उत्तर आलं, 'वन मिनिट, मॅडम.'

त्या उत्तराला आता आठ महिने झाले.