बोटभर शिवण

जन्मभर गोधड्या शिवल्या, पण सगळ्या चौकोनी ठिगळांच्या. आता शेजारची सुलभा मला वळणदार जोड शिकवतेय. दोन कापडं एकावर एक ठेवायची, खडूची रेघ न मारता कात्री मनाला येईल तशी वळवायची, मग एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगट कडेला जोडायचा. मी घेतला ताईच्या इरकलीचा तुकडा. ताई गेली, तेवढाच उरलाय. कडा जुळेनात म्हणून ओढल्या, तर मध्ये फुगा आला. उसवलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा उसवताना इरकलीचे धागे सुटायला लागले.

"काकू, ओढताय कशाला? बोटभर जुळवा, बोटभर शिवा."

"अगं, पुढचं जमत नाहीये ते दिसतंय ना मला!"

"मग पुढचं बघूच नका."

खरं सांगू, ताईलाही मी अशीच ओढत राहिले. एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये, रोज तेच. शेवटी ती माझा फोनच उचलेनाशी झाली.

बोटभर, बोटभर करत जोड पुरा झाला. टोकाशी एक चुणी राहिली.

"उसवू का, काकू?"

"राहू दे गं. पुरे झालं आता तिला ओढणं."