मांडा हातावर होता तेव्हा

बायको दिवाळीनंतर गेली. भेटायला येणारे म्हणतात, "आबा, देवानं नेलं." मी म्हणतो, देवाला तिची काय गरज होती? गरज मला होती. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. पण तिच्यामुळे मी माणसासारखा जगलो, एवढं मला लिहून ठेवायचं आहे.

फौजेत मी एका मेजर साहेबाचा सहायक होतो. साहेबाची वर्दी, बूट, बंदूक बघायची, कागदावर काम तेवढंच. खरं म्हणजे त्याचं कुत्रं धुवायचं, भाजी आणायची, बाईसाहेबांच्या चपला शिवून आणायच्या. आणि वर मार. चहा गार झाला, थापड. कुत्रं भुंकलं, थापड. गावी मी हे कधी बोललो नाही. अमळनेरला बसमधून उतरलो की लोक म्हणायचे, "फौजी आला!" त्यांना काय सांगू, फौजी थापडा खाऊन आलाय म्हणून?

पुढे पंजाबातल्या छावणीत मला फॅमिली क्वार्टर मिळालं, तेही त्याच साहेबाच्या शब्दावर. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एका छपराखाली आलो. ती येताना गोधडीत गुंडाळून खापर घेऊन आली. आमच्याकडे पुरणाचे मांडे तव्यावर करत नाहीत. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, आणि मांडा पोळपाटावर लाटायचा नाही, दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा. सगळ्यांना नाही जमत. तिला जमायचं.

साहेबाला हे कुठून तरी कळलं. त्याच्याकडे कर्नल साहेब जेवायला यायचे होते. मला हुकूम आला, "अपनी बीवी को भेज. वो बड़ी वाली रोटी बनवानी है."

मी तिला म्हटलं, "नको जाऊ."

"पाव्हना येवाव शे ना? मंग पाव्हनाले नही म्हनू नही," म्हणाली आणि खापर घेऊन निघाली.

बंगल्याच्या मागं विटांची चूल मांडली. वारा फिरला आणि धूर पुढच्या हिरवळीवर, पाहुण्यांच्या अंगावर गेला. मेजर साहेब तणतणत मागं आला. माझ्या कानाखाली दिली. "गधे, धुआँ नहीं दिखता?" मी म्हटलं, "सॉरी साहब." साहेब पाहुण्यांकडे परत गेला. वळून बघतो तर ती माझ्याकडे बघत होती. मांडा हातावर तसाच. मारापेक्षा मी इतक्या सहज सॉरी म्हटलं त्याचं तिला जास्त लागलं, असं पुढे म्हणायची.

ती उठली. कोपरापर्यंत कणीक, पदर डोक्यावरून घसरलेला, सावरायला हात मोकळा नाही. तशीच हिरवळीवर गेली आणि कर्नल साहेबांसमोर उभी राहिली. मी मागोमाग.

"साहेब, यासले कसाले मारं? मानूस शेतस, ढोर नहीत."

कर्नल साहेब दक्षिणेकडचे, त्यांना आमची बोली काय कळणार? मला म्हणाले, "जवान, क्या कह रही है?"

मेजर साहेब माझ्याकडे बघत होता. काय बोलायचं ते डोळ्यांनीच सांगत होता. मला खोटं सुचलंही होतं. साहब, पूछ रही है घी कितना डालूँ. तिला हिंदी येत नव्हती, कळलंही नसतं. तेवढ्यात तिच्या हातावरचा मांडा मधोमध फाटला. पुरण तिच्या पायावर पडायला लागलं. तिच्या हातून मांडा फाटलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. तरी ती हलेना.

मी सावधान उभा राहिलो. "साहब, पूछ रही है, इनको क्यों मारा. आदमी हैं, जानवर नहीं."

"किसने मारा?"

"मेजर साहब ने."

"पहली बार?"

"नहीं, साहब."

कर्नल साहेबांनी ताट सारलं, तिला हात जोडले आणि न जेवता निघून गेले. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. पण त्यांना ताटावरून उठवलं ते हिनं.

मेजर साहेबाचं फार काही वाकडं झालं नाही. बदली झाली, बस. मला कंपनीत परत पाठवलं, मार थांबला. आणि क्वार्टर गेलं. दुसरं मिळायला पुढे कितीतरी वर्षं लागली, तोवर ती गावी कापूस वेचत राहिली.

ती ट्रंक भरत होती तेव्हा मी म्हटलं, "माझ्यापायी तुझं घर गेलं."

"गयं ते गयं. रोज झोपमा दचकतस तुम्ही. आते तरी नीट झोपशात ना?"

हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

तिला जळगावच्या गाडीत बसवलं. गाडी सुटली. मी बराकीत आलो, आडवा झालो, आणि सकाळचा बिगुल वाजेपर्यंत झोपलो.