शिवणवाल्या बाईंचं भाडं

आमच्या शिवणवाल्या बाई दुसऱ्याच्या घराचा कर स्वतः भरायच्या, आणि तोही इस्त्रीची साडी नेसून. बालाघाटच्या नगरपालिकेत लोक कर भरायला कपाळाला आठ्या घालून जात. बाई मात्र हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या निघत. कोणी टोकलं तर म्हणत, "घर दादाचं असू दे. ज्याच्या छपराखाली निजतो, त्याचा कर देऊन निजावं."

स्टेशनकडच्या गल्लीत दोन खोल्या. मागच्या खोलीत त्या राहत, पुढच्या खोलीत आम्हा मुलींचा शिवणवर्ग चाले. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता. मशीन हाच संसार. शिकवण्याची पद्धत चोख. आधी कापड धुवायचं, वाळवायचं, मग माप, मग खडू आणि शेवटी कात्री. क्रम चुकला की कापड हातातून ओढून घेत. माझं पहिलं काज पाहून म्हणाल्या, "हे काज हाये का उंदराचं बीळ वो? बटन नको लावू याले, मांजर बसव." कुठलंही काम हाती घेताना आधी क्रम लावायची माझी सवय तिथली आहे.

घरमालकाला त्या दादा म्हणत. नातं मानलेलं, पण पाळलेलं. भाऊबीजेला ओवाळणं, सणाला दादांकडून चोळीचं कापड, सगळं रीतसर. अशा नात्यात भाडं हा शब्द दोघांच्याही तोंडाला जड जाई. म्हणून बोलणं असं झालं होतं: खैरलांजीला बाईंच्या वाट्याच्या शेतात पिकणारा चिन्नोर तांदूळ सुगीनंतर दादांच्या घरी जायचा, आणि घराचा कर बाईंनी भरायचा. झालं भाडं. माझ्या आईनं एकदा पावतीचं सुचवलं, तर बाई खो खो हसल्या. "भावाले पावती मागू? मंग राखीचीबी मागा म्हनसान!"

आणखी पाच वर्षं राहायचं ठरलेलं होतं. त्यातली निम्मीही सरली नव्हती, आणि दादांनी घर विकलं. लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलवाल्या सेठला गोदामासाठी जागा हवी होती. बाईंना हे दादांनी सांगितलं नाही, सेठच्या नोटिशीनं सांगितलं: घर आता माझं, यापुढचं भाडं मला द्या. बाईंनी नोटीस वाचली, घडी घातली, आणि सुगी झाल्यावर तांदळाची पोती नेहमीसारखी दादांकडेच पाठवली. "भाडं ज्याच्याशी बोललं त्याले. त्या सेठचं तोंडबी मले माहीत नाई." दादांनी पोती उतरवून घेतली.

मग भाडं थकवलं म्हणून सेठनं घर खाली करण्याचा दावा लावला. तोवर मी नोकरीला लागले होते. मीच बाईंना वकिलांकडे घेऊन गेले.

वकील खुशीतच होते. "बाई, कानून तुमच्या बाजूचा आहे. घर विकलं म्हणून भाडेकरू निघत नाही. मालक बदलतो, भाडेकरू तोच राहतो. फक्त भाडं नव्या मालकाला द्यायचं. मुदतीत कोर्टात जमा करून टाका. बस, इतना ही काम है."

"भाडं मी देल्लं."

"ते दादांना दिलंत. नोटिशीनंतर ते धरत नाहीत."

"म्हंजे दादानं फुकटचा तांदूळ खाल्ला, असं मी कोर्टात लिहून देऊ?"

"तसं कोण म्हणतंय? जमा करा एवढंच म्हणतो."

"तेच झालं नं ते. दादा येऊन सांगन सगळं. त्याच्या तोंडानं सांगन."

बाहेर आल्यावर मी हात जोडले. "बाई, आधी भरा, दादांचं मग बघू."

"काहून? तू माह्या भावाले चोर समजतं का?"

मुदत निघून गेली.

दादा साक्षीला आले ते धुवट टोपी घालून. भाडं घेतल्याचं कबूल केलं असतं, तर ते सेठला द्यावं लागलं असतं. ते म्हणाले, "साहेब, बहिणीनं भावाकडे नवे तांदूळ पाठवले. त्याला भाडं कसं म्हणू?" भाडं दिल्याचा पुरावा म्हणून बाईंनी करही पुढे केला, पण पावत्या सगळ्या दादांच्या नावाच्या. सेठचा वकील म्हणाला, कर भरणं मालकाचं काम. बाईंनी नेऊन भरला असेल, पण त्यानं घरावर हक्क लागत नाही. आणि तो नियमाला धरूनच बोलत होता.

निकाल बाईंच्या विरुद्ध गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी दादांना काही बोलायला निघाले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. "खोटं काय बोलला तो? बहीण म्हनूनच देल्ला तांदूळ." आवाज साधा होता. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या खैरलांजीला पुतण्याकडे गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी बसनं भेटायला गेले. पुतण्याच्या पडवीत एका कडेला मशीन होतं, त्यावर भाताच्या बियाण्याची पोती रचलेली. मला बघून बाईंचा चेहरा फुलला. "थांब, चहा मांडतो तुयासाठी," म्हणून लगबगीनं उठल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र थबकल्या. आत पुतण्याची बायको भाकऱ्या थापत होती.

"सूनबाई," बाई हळूच म्हणाल्या, "थोडी साखर घेऊ का वो?"

आतून उत्तर यायच्या आधीच मी म्हटलं, "बाई, राहू द्या. मी चहा सोडलाय."

बाई वळल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"हौ का," म्हणाल्या, आणि येऊन शेजारी बसल्या.