बोंबलांची राखण

समुद्रकाठच्या गावांचे माझ्याकडे हजारो फोटो आहेत. त्यातल्या एकाही गावाला माझा काडीचा उपयोग झालेला नाही. सकाळी जायचं, होड्या टिपायच्या, मासळी खायची आणि निघायचं.

परवा डहाणूजवळच्या एका कोळीवाड्यात बोंबील वाळत होते. बांबूच्या आडव्या काठ्यांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, आणि वाऱ्यावर ती अख्खी रांग डोलत होती. मी कॅमेऱ्याला लांब लेन्स चढवून रोखली मात्र, वर टपून बसलेले कावळे एकदम उडाले.

काठी घेऊन राखणीला बसलेल्या मावशींनी ते पाहिलं. "तुझ्या त्या नळकांड्याला घाबरतात रे!" त्यांनी काठी खाली ठेवली. "असाच उभा राहा. मी दोन घास खाऊन येते."

मग मी तासभर तिथेच. कावळा आला की लेन्स रोखायची. फोटो काढायचं सुचेचना, कारण डावीकडचा एक कावळा भलताच बेरकी होता. पाठ भाजली, हात भरून आले, पण मजा वाटत होती. इतकी वर्षं मी गावं नुसती बघत आलो. आज एका गावाने मला कामाला लावलं होतं.

मावशी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी रांगेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली.

"एकपण नेला नाय," त्या म्हणाल्या. "उद्या येशील?"

माझे फोटो पाहून असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.