साहेबांची खिडकी

मंडळी, आमचं घर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांचं. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची... काही नाही. लहानपणी मी एकदा "चिंचेवर भूत आहे" म्हणालो, तर आईने मला त्याच चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावले. तेव्हा असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची मला कधी सोयच नव्हती. आणि हो, मी जरा वाढवून सांगतो. माझ्या बोलण्यातलं निम्मं काढून टाकायचं, हा आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या घरचा नियम आहे. तुम्हीही काढा. फक्त खिडकीचं तेवढं सगळं ठेवा.

तर मी एक कॅम्पर व्हॅन घेतली. जुनी, जर्मन, माझ्याहून वयाने मोठी. मागे पलंग, छोटं कपाट, आणि चेहरा असा हसरा की वैशाली — माझी बायको — म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरी दिसते." विकणाऱ्या बाई सैनिकपुरीच्या, वयस्क, एकट्या. त्यांचे साहेब, म्हणजे यजमान, आयुष्यभर हीच गाडी चालवून वारलेले. किल्ली देताना म्हणाल्या, "सब ठीक है बेटा. बस, बाजू की वो तिकोनी खिड़की से झगड़ा नको करो. साब का मिज़ाज है उसमें."

मी हसलो. म्हटलं, खिडकीला कसला मिजाज!

पहिल्याच दिवशी मी पाण्याचा कॅन घेऊन पुढचं बॉनेट शोधत बसलो. बॉनेटच नाही! इंजिन मागे, आणि रेडिएटर कुठेच नाही. अर्धा बरकतपुरा तमाशा बघायला जमला. (बरं, चार माणसं.) आमचे जामबागचे मेकॅनिक जब्बारभाई पोट धरून हसले. "किसकू पानी पिलारे साब? इने हवा पे जीती!" म्हणजे पंखा इंजिनावर वारा घालतो, पाण्याचा थेंब लागत नाही.

त्यांनी ब्रेक पाहिले, तेल बदललं, पंख्याचा पट्टा बदलला. हीटर चालू-बंद करायचा दांडा मात्र गंजून अडकला होता, गरम हवा कायम चालू.

"हैदराबाद में हीटर किसकू होना?" जब्बारभाई म्हणाले.

"नकोच," मी म्हणालो. विषय संपला. हा दांडा लक्षात ठेवा.

डिसेंबरात आईला उदगीरला मावशीकडे न्यायचं ठरलं. तिचे गुडघे गेलेले, बसमध्ये पाय लांब करता येत नाहीत. खरं तर गाडी घेतली तीच तिच्यासाठी. सकाळी निघालो. आई मागे पलंगावर रजई ओढून महाराणीसारखी आडवी. आमचा वेग असा, की पटानचेरूजवळ एका सायकलवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं, पुढे थांबून चहा प्याला, आणि पुन्हा ओव्हरटेक केलं.

थंडी कडक होती, पण अडकलेला हीटर मस्त ऊब सोडत होता. "चुलीपुढं बसल्यावानी वाटायलंय," आई खूश. जरासा धुराचा वास यायचा. जुन्या गाडीचा वास, म्हणून आम्ही त्याचंही कौतुक केलं! सगळ्या काचा घट्ट लावल्या. आणि पुढच्या दारातली, वैशालीच्या बाजूची ती त्रिकोणी खिडकी... उघडली. तिने लावली. उघडली. खटका बसल्याचा आवाज यायचा, आणि जरा वेळाने गार वारा आत.

"विजू, वारं झोंबायलंय रे! लाव की ती खिडकी."

"आई, ऐकत नाही ती."

"ऐकत न्हाई म्हंजे? तुझ्यावर गेली काय?"

वैशाली एवढी हसली, की सदाशिवपेटला मी रागाने गाडीच थांबवली. पक्कड काढली, खटक्यावर तांब्याची तार गुंडाळली आणि असे पीळ दिले, की हत्तीने ओढली तरी सुटू नये. (काढा निम्मं. बैलाने.)

झहीराबाद जवळ आलं तेव्हा गाडीत कुणीच बोलत नव्हतं. आमच्या घरात हीच मुळात अमानवीय गोष्ट! वैशालीची मान खांद्यावर पडलेली. माझं डोकं जड, रस्ता लांब लांब जाणारा, अशी गोड झोप... पापण्या मिटल्या. आणि थोबाडीत बसावी तसा गार वारा तोंडावर आला. डोळे उघडले — त्रिकोणी खिडकी सताड उघडी, आणि समोर डिव्हायडर! दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"आई!"

उत्तर नाही. झोपेतही टोमणा मारणारी आमची आई, आणि उत्तर नाही. तिला उचलून बाहेर उन्हात बसवलं. वैशाली कशीबशी उतरली, तिला उलटी झाली. मी आईचे गाल थोपटत राहिलो, हाका मारत राहिलो... मग तिने डोळे उघडले.

"मारायलास काय रे आईला?"

इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. यातलं काही काढू नका.

रस्त्यावरची एक गाडी थांबवून झहीराबादचा दवाखाना गाठला. तिथे ऑक्सिजन लावला, संध्याकाळी आई नर्सला स्वेटरचा टाका शिकवत होती. मी गाडीतलं सामान काढायला गेलो, तेव्हा तार दिसली. तुटलेली नव्हती. वैशालीच्या सीटवर पडली होती — सगळे पीळ उलगडून, इस्त्री केल्यासारखी सरळ. वैशाली तर शुद्धीत नव्हती, आणि पक्कड माझ्या सीटखाली होती.

गाडी टो करून हैदराबादला आणली. जब्बारभाई खाली शिरले, बाहेर आले, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत. या गाडीत पाणी नाही, म्हणून हीटर सायलेन्सरच्या तापलेल्या नळ्यांवरून हवा ओढतो. त्यातली एक नळी सडली होती. आम्ही ज्याला ऊब म्हणत होतो, तो इंजिनाचा विषारी धूर होता. "साब, खिड़की पूरी बंद रैती तो..." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. खटका खोलून पाहिला. स्प्रिंग उत्तम, पकड उत्तम.

नळी बदलली. त्यानंतर ती खिडकी एकदाही आपोआप उघडलेली नाही. खड्ड्यांतून नेली, ट्रकच्या वाऱ्यात नेली... नाही म्हणजे नाही.

सैनिकपुरीच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं, आभार मानले. त्या म्हणाल्या, "अब बंद रहती? ...तो फिर उनो भी आराम कर रहे होंगे."

गाडीचे हादरे, तारेचा ताण, सगळी उत्तरं मी लावून पाहिली. त्या सरळ तारेला एकही पुरत नाही. आईला विचारलं, "मग याला म्हणायचं काय?"

"भूत म्हणायचं न्हाई," आई गरजली. "भूतबीत नसतंय."

परवा पुन्हा उदगीरला निघालो. गाडीत चढण्याआधी आई पुढच्या दाराशी थांबली, वैशालीला आतून ती त्रिकोणी खिडकी बोटभर उघडायला लावली, आणि घरी आलेल्या वडीलधाऱ्यापुढे जोडावेत तसे त्या खिडकीपुढे हात जोडले.

"जयभीम, साहेब."

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "गप. माणसाला करतोच की आपण. चल, काढ गाडी."

वारं उदगीरपर्यंत झोंबत होतं. खिडकी लाव, असं कुणीही म्हणालं नाही.